तांदळाच्या दाण्याएवढी खोली

दहाव्या काकांनी गिटार बाकावर ठेवली नाही, सुओंगच्या मांडीवर ठेवली. तिथंच तिला कळलं की आजचं काम साधं नाही. तार तुटली असती किंवा खुंटी सैल झाली असती, तर म्हाताऱ्यानं दारातूनच गिटार आत सरकवली असती आणि तो काठावरच्या होडीवालीकडे शेवयांचा वाडगा खायला गेला असता. आज तो बसला. काठी दोन्ही गुडघ्यांत धरून, आंधळे डोळे कालव्याकडे लावून बसला.

"चौथे," तो म्हणाला, "हिला खण."

"खणलेलीच आहे की काका. बाबांनीच खणलीय. साठ वर्षं झाली."

"आणखी खण."

सुओंग घरातली तिसरी, म्हणून सगळा कालवा तिला चौथी म्हणायचा. इकडे, सायगॉनखालच्या कालव्यांच्या मुलखात, थोरल्या पोराला दुसरा म्हणतात. पहिल्याला न्यायला टपलेल्या भुताला मग पहिला सापडतच नाही. त्या हिशेबानं दहावे काका नऊ भावंडांतले शेंडेफळ. खरं नाव थिन्ह. पण ते नाव सरकारी कागदावर होतं आणि गावात फक्त एका बाईच्या तोंडी असायचं.

काकांनी गिटार परत घेतली, तिसऱ्या खळग्यावर बोट ठेवलं आणि तार छेडली. सूर आला. आता बोट खाली जायला हवं होतं आणि सूर वर चढायला हवा होता. बोट थरथरलं, तार थोडी वाकली, आणि सूर उंबऱ्यावर अडखळलेल्या म्हातारीसारखा तिथंच राहिला.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"हे बोट नाही राहिलं गं. भिकाऱ्याचा हात झालाय. दारावर थाप मारतो, आत शिरत नाही."

दुकानात विकायला टांगलेल्या कोऱ्या गिटारीच्या दांडीवर नुसते पितळी पडदे असतात आणि पडद्यांच्या मध्ये सपाट लाकूड. बोट लाकडाला टेकलं की मामला संपला. जो सूर कारखान्यानं दिला तोच मिळणार. इथल्या माणसांचं तेवढ्यावर कधी भागलं नाही. इथला सूर उभा राहत नाही, तो झुलतो, हुंदका देतो, दोन पायऱ्यांच्या मध्ये बसून रडतो. म्हणून इथले कारागीर दर दोन पडद्यांमधलं लाकूड होडीच्या पोटासारखं कोरून काढतात. बोट तार घेऊन त्या खळग्यात उतरतं. जितकं खोल जाईल, तितका सूर वर येतो. विहिरीत उतरून पाणी आणण्यातलाच प्रकार.

शहरातले संगीतवाले अशा गिटारीला उंदरानं कुरतडलेली गिटार म्हणायचे. अजून म्हणतात, फक्त हल्ली तोंडावर म्हणत नाहीत. त्यांना विचारावंसं वाटतं, की बाबांनो, गोऱ्यांनी या मुलखात काय काय आणलं? कर आणला, चाबूक आणला, रबराचे मळे आणले आणि मळ्यांत पुरायला माणसं इथलीच घेतली. त्या सगळ्या सामानातली ही एक वस्तू इथल्या गरिबांनी आवडीनं ठेवून घेतली. तीही जशी दिली तशी नाही. आधी तिला खणलं, मग तिच्याकडून आपली भाषा बोलवून घेतली. ज्यांनी हे केलं त्यांच्यातल्या निम्म्यांना सही करता येत नव्हती. आणि उंदीर कोण म्हणे, तर हे.

दहाव्या काकांची गिटार एका फ्रेंच जमीनमोजणी साहेबाची होती. साहेब देश सोडून गेला तेव्हा जहाजात गिटार न्यायची की कुत्रा, असा प्रश्न पडला. त्यानं कुत्रा नेला. गिटार स्वयंपाक्याला दिली आणि स्वयंपाक्याचं देवीत डोळे गेलेलं पोर तिला चिकटलं ते आजतागायत. पुढं सुओंगच्या बापानं तिचे खळगे कोरले. बापाचं माप एकच होतं. खळग्यात तांदळाचा दाणा उभा धरायचा. दाण्याचं डोकं पडद्याच्या पाठीला लागलं की पटाशी खाली ठेवायची. "त्याच्यापुढं लोभ," बाप म्हणायचा, "आणि लोभानं दांडी मोडते."

हे त्यानं सुओंगला शिकवलं नव्हतं. बाईनं पटाशी धरली तर लाकडाला कीड लागते, असं त्याचं मत होतं. तिनं त्याच्या पायाशी पडलेला भुसा झाडता झाडता, भुशाची जाडी बघून विद्या चोरली. बाप गेला तेव्हा त्याची गिऱ्हाइकं आठ दिवस रडली आणि नवव्या दिवशी तिच्याकडे आली.

"काका, दाण्यापुढं मी जाणार नाही," ती म्हणाली. "तारा सैल लावा की. बोटाला हलकं जाईल."

म्हाताऱ्यानं काठी जमिनीवर आपटली. "लुआ येतेय."

सुओंगनं पटाशी बाजूला सारली.

"बाराव्या तिथीला येतेय, गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या गुरूंच्या पूजेला. पंधराव्याला विमान. मेलबर्नला, लेकीकडे. आता परत नाही."

"कशावरून?"

"या वयात विमानात बसलेलं माणूस परत येत नाही. राख येते, डब्यातून." तो हसला नाही. "तारा गाणाऱ्याच्या गळ्याला लावतात, बोटाच्या सोयीला नाही. मी तारा सैल केल्या तर सगळा गाव काय म्हणेल? म्हातारीचा गळा खाली बसला. तिचा सूर मी खाली आणू? मी? त्यापेक्षा हात तोडून दे कालव्यात."

तीस वर्षांपूर्वी ही जोडी पाच तालुक्यांत गाजलेली होती. आधी मोकळं, तालाविना पुकारणं. मग बाई एका दमात आठवणीचं लांब वाक्य ओढत नेणार, आणि शेवटच्या शब्दाला जिन्यावरून पाय सुटावा तशी मूळ सुरावर पडणार. त्याच क्षणी गिटार तिला खाली झेलणार. त्या पडण्यावर टाळ्या येतात. नेहमीच येतात. गाणारी बरी असो, वाईट असो, त्या जागेवर टाळी वाजवणं ही इथली रीत. कोंबडीवर ताव मारणारा माणूससुद्धा हाड तोंडात धरून टाळी वाजवतो. पण लुआ पडायची तेव्हा लोक उठून उभे राहायचे. मग गाण्याची मंडळी फुटली, ती लग्न करून दक्षिणेला बाक-ल्यूला गेली, आणि दहावे काका दुसऱ्यांच्या पोरीबाळींना झेलत राहिले.

"एकदाच वाजवायचंय," तो म्हणाला. "नंतर चुलीत घाल हिला. भात शिजव."

गिटार ठेवून म्हातारा गेला. सुओंगनं आठ दिवस तिला हात लावला नाही.

नवव्या दिवशी तिचा धाकटा भाऊ तोआन आला. सायगॉनच्या एका संगीतशाळेत तो गिटार शिकवायचा. पाश्चात्त्य, बसून, एक पाय छोट्या स्टुलावर ठेवून वाजवायची ती. पूजेला दरवर्षी यायचा आणि दरवर्षी दोन दिवसांत पळायचा. यंदा मात्र पाच-सहा दिवस आधीच आला होता. त्यानं बाकावरची गिटार उचलली, दांडीवर अंगठा फिरवला, मोबाइल काढला.

"ठेव तो," सुओंग म्हणाली.

"बघू तरी दे ताई." त्यानं सूर मोजायचं यंत्र चालू केलं आणि तार छेडून खळग्यात दाबली. काटा डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, टोपल्यातल्या माशासारखा तडफडू लागला. "बघ. याला कळतच नाही काय लागलंय ते."

"त्यात आमचा काय दोष? शाळेत घाल त्याला."

"चेष्टा नको. या लाकडात आणखी किती उतरणार तू? खाली आधाराची सळईसुद्धा नाही, जुनी गिटार आहे. आणखी दोन मिलिमीटर काढलंस तर तारांच्या ताणानं दांडी जाईल. हे गणित आहे."

"बाबांचंही गणितच होतं. दाणा."

"मग बाबांचं तरी ऐक."

हे तिला लागलं, कारण तो बरोबर होता. भाऊ बरोबर असला की ती जास्त चिडायची. "तू बोलू नकोस पाचव्या. बाबांनी स्वतःहून पटाशी तुझ्या हातात दिली होती. तू काय म्हणालास? वास येतो सरसाचा. म्हणालास ना?"

"मी बारा वर्षांचा होतो!"

"मी चौदा वर्षांची होते. मला आवडायचा तो वास."

तोआननं मोबाइल खिशात टाकला. संध्याकाळी तो आपली स्वतःची गिटार घेऊन दहाव्या काकांच्या घरी गेला. स्पेनची, देवदाराची, तीन वर्षं पै पै साठवून घेतलेली. मनानं वाईट नव्हता. म्हाताऱ्यानं ती कुशीत घेतली, हुंगली, पाठीवर थाप मारली, अर्धा तास वाजवली आणि परत दिली.

"राजवाडा आहे रे," तो म्हणाला. "संगमरवरी जिना. पण पोरा, मला पडायचंय. इथं पडायला जागा नाही."

त्या रात्री तोआन पळाला नाही. सकाळीही नाही. आणि सकाळीच सुओंगनं पटाशी दगडावर लावली.

चार दिवस लागले. पहिल्या दिवशी तिनं नुसतं ऐकलं. नखानं दांडीवर टिचकी मारायची, कान लावायचा, दोन बोटं पुढं सरकायचं. लाकूड बोलतं ही कवींची थाप आहे. लाकूड बोलत नाही, ते फक्त लपवत नाही. कुठं गाठ आहे, कुठं बापाचा हात घाईत होता, कुठं साठ वर्षांच्या घामानं रेषा मऊ झाल्यात, सगळं टिचकीत कळतं. दुसऱ्या दिवशी तिनं तांदळाचा दाणा उभा धरला. बापाचं माप तंतोतंत. मग तिनं दाणा तोंडात टाकला, चावला आणि पटाशी लावली.

काळा भुसा निघेनासा झाला, पिवळा निघू लागला. वरची शिसवी पट्टी संपून दांडीचं मूळ लाकूड लागलं होतं. साहेबाच्या देशातलं. कुठल्या डोंगरावर वाढलं, कुणी तोडलं, देव जाणे. त्याला इतक्या आतून उजेड पहिल्यांदाच लागत होता. पटाशी ठेवून तिनं काचेचा तुकडा घेतला, काच ठेवून खरखरीत पानं घेतली, तीच जुनी दुओईच्या झाडाची पानं, जी तिचा बाप आणि बापाचा बाप पॉलिश पेपरच्या जागी वापरायचे. एका खळग्याला चाळीस पानं. दीड दाणा खोल. आणखी एक पान घासलं असतं तरी भीती होती.

चौथ्या दिवशी तिनं तारा चढवल्या, अगदी सैल, आणि काकांना बोलावलं.

म्हाताऱ्यानं बोट ठेवलं. ते नुसतं टेकलं आणि उतरत गेलं. सूर उठला. कसलाही जोर नव्हता, झोपलेल्या पोराला आईनं उचलावं तसा उठला. वर गेला, वरच्या सुराच्या अंगणात जाऊन उभा राहिला, तिथं थरथरला आणि हळूच परत आला. म्हाताऱ्याचं तोंड उघडं राहिलं. दुकानापुढून जाणाऱ्या होडीवाल्यानं इंजिन बंद केलं. सुओंगनं आजवर चारशे गिटारी खणल्या होत्या. हे तिनं कधी ऐकलं नव्हतं आणि ते आपल्या हातून झालं यावर तिचा विश्वास बसेना. तिला वाटलं, आपण उतरत उतरत अशा ठिकाणी पोचलो जिथं आधीपासून कुणीतरी बसलं होतं.

"चौथे," म्हातारा म्हणाला, "तुझा बाप भित्रा होता."

"काका, ऐका. लुआमावशी आल्या की त्यांच्या सुरापर्यंत हळूहळू न्या. एकेक तार. तोवर कुणी खुंटीला हात लावायचा नाही. कुणी म्हणजे कुणी."

हे तिनं काकांना सांगितलं. तोआनला सांगायचं राहिलं. तो भाऊ होता, घरातला होता. घरातल्या माणसाला काय सांगायचं?

पूजेच्या दिवशी सकाळी देवळाच्या ओट्यावर गुरूंच्या पाटापुढं भाजलेलं डुक्कर, चिकट भात आणि फळांची उतरंड मांडली. तोआन मदतीला लवकर आला होता. गिटार कापडात गुंडाळून भिंतीशी उभी होती. त्यानं कापड सोडलं, तार छेडली, आणि वीस वर्षं पोरांच्या गिटारी परीक्षेआधी सुरात लावून देणाऱ्या मास्तराला जे सुचतं तेच त्याला सुचलं. बिचाऱ्या आंधळ्याला त्रास नको. दांडीचं आपलंच गणित त्या घाईत त्याला आठवलं नाही. त्यानं मोबाइल पाटाशेजारी ठेवला, काटा मध्यावर आणला. पहिली तार, दुसरी तार, तिसरी. जगभर चालतो तो सूर. चौथ्या तारेला खुंटी पिळली आणि टक् असा आवाज झाला.

लहानसा आवाज. चिंचेचा आकडा मोडावा एवढा. सुओंग केळीची पानं पुसत होती. तिनं मान वर केली, तेव्हा तोआनचा चेहरा पांढराफटक होता.

पहिल्या खळग्यातून निघालेली चीर दांडीच्या मानेत शिरली होती.

तिनं त्याला मारलं. पन्नाशीच्या बाईनं अठ्ठेचाळीस वर्षांच्या मास्तराला, गुरूंच्या पाटापुढं, सगळ्यांदेखत, ओल्या केळीच्या पानानं मारलं. "जगाचा सूर! जगाचा सूर लावतोय! जगानं विचारलं होतं तुला?"

"ताई, मला वाटलं..."

"तुला वाटलं! जगाचा सूर एकच, असं साहेबालाही वाटलं होतं!"

तोआननं हात वर केला नाही. पान फाटलं तेव्हा तो खाली बसला आणि म्हणाला, "मार, पण आधी सांग, काय करायचं. सरस कुठंय? मी गरम करतो."

त्यानं सरस गरम केला. वास आला तसा त्यानं नाक फिरवलं नाही. सुओंगनं चीर उघडून सरस आत ढोसला आणि तोआननं मासेमारीचा रेशमी दोरा दांडीच्या मानेवर फेरावर फेर आवळला, वेढ्याला वेढा चिकटवून, तिच्याहून सफाईनं. बोटं कसलेलीच होती त्याची. दुपारपर्यंत सरस धरला. पण ताण पेलणार नव्हता. फार सैल, म्हाताऱ्यातल्या म्हाताऱ्या गायिकासुद्धा गात नाहीत इतक्या खालच्या सुरात लावली, तर कदाचित. हे दोघांनाही न बोलता कळलं.

दहावे काका आले. अंगठा दांडीवर फिरला, दोऱ्याशी थांबला.

"मफलर कुणी घातला हिला?" तो म्हणाला.

सुओंगनं सांगितलं. भावाचं नाव घेतलं नाही. "मोडली" एवढंच म्हणाली. तोआन मागून म्हणाला, "मी मोडली काका."

म्हाताऱ्यानं गिटार सुओंगच्या हातात परत दिली. मग म्हणाला, "पूजेचं जेवण झालं की मला घरी सोड, चौथे. तिला सांग, काकांच्या पोटात दुखतंय."

"खालच्या सुरात..."

"नाही."

लुआमावशी दोन वाजता होडीतून उतरल्या. जांभळा लांब झगा, पांढरे केस चापून बांधलेले, आणि त्या घामाच्या धारांत गळ्याला लोकरी गळपट्टा. सुओंगनं तो बघितला, पण तिचं डोकं आपल्याच प्रश्नात होतं. ती त्यांना देवळामागच्या चुलीपाशी घेऊन गेली. जन्मभर नावाजलेल्या गायिकेला, शेवटच्या गाण्याच्या दिवशी, सूर खाली घ्या म्हणून सांगायचं. त्यापेक्षा तिचे दात पाडलेले परवडले.

"मावशी, एक मागायचंय."

"माग बाई. केस सोडून काहीही माग, तेवढेच उरलेत."

"आज सूर खाली लावायचाय. पुष्कळ खाली." तिनं बरोबर आणलेली गिटार धरली आणि सैल तार छेडली. सूर चुलीच्या राखेत पडल्यासारखा उमटला.

मावशींचा चेहरा बदलला. "तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"खोटं बोलू नकोस. लेकीनं फोन केला?" त्यांचा हात गळपट्ट्यावर गेला. "चार वर्षं झाली. वर जातच नाही. न्हाणीघरात गाऊन बघते, फाटतो. आज सर्दी झाली म्हणून सांगणार होते. तुझ्या काकांनी माझा सूर लावायचा आणि मी त्यातून खाली पडायचं, हे त्यांना ऐकवू? त्यांना दुसरं काय दिसतं गं? आवाजच तर दिसतो."

सुओंगला हसू आलं आणि तेवढ्यात डोळ्यांत पाणी आलं. ही दोन म्हातारी माणसं. एकमेकांची लाज राखायला एकानं दांडी पोखरून घेतली आणि दुसरीनं भादव्याच्या उकाड्यात लोकर बांधली. तिनं सगळं सांगून टाकलं. बोट, खळगे, दीड दाणा, चीर.

मावशींनी गळपट्टा उलगडला, चुलीजवळच्या खुंटीला टांगला आणि तडक ओट्याकडे निघाल्या. दहावे काका काठी टेकून नुकतेच उठले होते.

"थिन्हदादा, कुठं निघालात?"

म्हाताऱ्याची काठी हातातच राहिली. ते नाव गावात कुणी घेत नव्हतं.

"पोट दुखतंय."

"दुखू दे. तीस वर्षं दुसऱ्यांच्या सुनांना माडीवर चढवत होतात. आता जरा तळमजल्यावर या. माझे गुडघे गेलेत. गळ्याचेही."

म्हातारा उभाच राहिला. मग तोंडातल्या तोंडात म्हणाला, "तुझेही?"

"माझेही."

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस, गाढवे?"

"तुम्ही बोललात?"

तो बसला. सुओंगनं गिटार त्याच्या मांडीवर ठेवली आणि शेजारी बसली. दुसऱ्या बाजूला तोआन, दांडीला काही झालं तर पकडायला, जणू त्याच्या हातांनी ती थांबणार होती. म्हाताऱ्यानं चप्पल काढून उजव्या पायाचा अंगठा ताल ठोकायच्या लाकडी वाटीवर टेकवला. अंगणात साठ-सत्तर माणसं, पोरं, कुत्री, पत्र्यावर पावसाची भुरभुर.

त्यानं मोकळं छेडायला सुरुवात केली. आधी फक्त एक सूर, इतका खाली की तो कानाला आधी लागलाच नाही, ओट्याच्या फरशीतून मांडीला लागला. मग बोट उतरलं. दीड दाणा खोल, साहेबाच्या डोंगरापर्यंत. सैल तार त्या खोलीत डुलत गेली आणि सूर वर आला तो ओला, गाळ लागलेला, पुराच्या दिवसांत मोठी नदी घरादारांसकट वाहते तसा रुंद. जेवणारे थांबले. एक बाई लेकराला थोपटत होती, तिचा हात लेकराच्या पाठीवर तसाच राहिला.

लुआमावशींनी तोंड उघडलं. धक्क्यावर बसलेल्या बाईचं गाणं. नवरा मीठ आणायला होडी घेऊन गेला आणि होडी परत आली, ती मिठानं भरलेली, वल्हवायला कुणी नसलेली. हा तो जुना आवाज नव्हता, जो वर आभाळात तळपायचा. त्याला तडे होते. पण त्या तड्यांच्या आत काहीतरी पेटलेलं होतं. वाक्य लांबत गेलं, दम संपला असं वाटलं, संपला नाही. आणि शेवटच्या शब्दाला ती पडली. तीस वर्षांपूर्वी पडायची तिथं नाही. त्याच्या खाली, जिथं कुणी पडून बघितलं नव्हतं. आणि गिटार आधीच तिथं होती. झेलायला नव्हे. दोघी एकत्रच तळाला लागल्या.

कुणी टाळी वाजवली नाही.

साठ-सत्तर माणसं, आणि एकाचाही हात हलला नाही. सुओंगचाही नाही. जन्मात पहिल्यांदा त्या जागेवर तिनं पावसाचा आवाज ऐकला.

आणि मग तिचं लक्ष म्हाताऱ्याच्या तोंडाकडे गेलं. ते विझत होतं. साठ वर्षं त्या जागेवर टाळ्या ऐकलेला माणूस. त्याला माणसांचे चेहरे दिसत नव्हते, त्याला फक्त ती पोकळी ऐकू येत होती. त्याचं बोट खळग्यातून वर आलं. अंगठा लाकडी वाटीवर टेकलेलाच राहिला, उठेना.

"चौथे," तो कुजबुजला. "चुकलं का गं? गेले का सगळे?"

सुओंगनं बोलायचा प्रयत्न केला. शब्द फुटेना. तोआनकडे बघितलं तर तो तिच्याहून वाईट. समोर बघत होता, मोबाइल कुठं होता कुणास ठाऊक. त्याच्या उघड्या दंडावर प्रत्येक केस ताठ उभा होता.

तिनं म्हाताऱ्याचा हात तारांवरून उचलला आणि भावाच्या दंडावर ठेवला.

म्हाताऱ्याची बोटं थांबली. मग हळूहळू कोपरापासून मनगटापर्यंत फिरली, कोरलेली दांडी तपासावी तशी. परत वर गेली. पुन्हा खाली.

"दुओईचं खरखरीत पान," तो म्हणाला. त्याचे आंधळे डोळे भरून आले होते आणि तो हसत होता. "सगळ्यांचं असंच?"

"सगळ्यांचं, काका," तोआन कसाबसा म्हणाला.

"हं." म्हाताऱ्यानं हात काढून तारांवर नेला, चाचपून तिसरा खळगा शोधला. "मग बस नीट. अजून पाच ओळी आहेत. लुआ, आहेस ना?"

"आहे, दादा. तळाशीच आहे."

पायाचा अंगठा लाकडी वाटीवर पडला, टक्, आणि बोट पुन्हा उतरलं.